डिस्ने वर्ल्डला पहिल्यांदा, घरच्या सगळ्यांना घेऊन: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आम्ही राहतो नॉर्थ कॅरोलायनात, ऑरलँडो गाडीने साडेनऊ-दहा तासांवर, त्यामुळे ओळखीतलं कोणीही डिस्नेला निघालं की पहिला फोन आमच्याकडे येतो. तीनदा जाऊन आलोय, एकदा फक्त आम्ही चौघं, एकदा माझे आईबाबा आलेले तेव्हा आणि एकदा सासूसासऱ्यांना घेऊन. पहिल्या वेळी करता येतील तेवढ्या सगळ्या चुका करून झाल्या. आता तेच तेच व्हॉट्सअ‍ॅपवर टाइप करून अंगठा दुखायला लागला म्हणून एकदाच बसून सगळं लिहून काढलंय.

डिस्नेलँड आणि डिस्ने वर्ल्ड एकच ना?

नाही हो. डिस्नेलँड कॅलिफोर्नियात, १९५५ सालचं. डिस्ने वर्ल्ड फ्लोरिडात ऑरलँडोजवळ, ते १ ऑक्टोबर १९७१ ला सुरू झालं. आणि वर्ल्ड म्हणजे एक पार्क नाही, चार आहेत: मॅजिक किंगडम (तो फोटोतला किल्ला इथेच), एपकॉट, हॉलिवूड स्टुडिओज आणि अ‍ॅनिमल किंगडम. शिवाय दोन वॉटर पार्क, पंचवीसेक हॉटेलं, तलाव, रस्ते, सगळं मिळून पंचवीस हजार एकरांच्या आसपास. हे आधी सांगायचं कारण म्हणजे आमच्या सासऱ्यांना वाटलेलं की सकाळी एक पार्क बघू, जेवून चालत दुसऱ्यात जाऊ. एपकॉटमधून हॉलिवूड स्टुडिओजला चालत किंवा स्कायलायनरने म्हणजे रोपवेने जाता येतं, एपकॉट ते मॅजिक किंगडम मोनोरेल बदलून जाता येतं, बाकी सगळीकडे बस नाहीतर गाडी.

किती दिवस लागतात? आमच्याकडे तीनच आहेत.

चार पार्कला चार दिवस आणि मध्ये एक दिवस काहीही न करायचा, म्हणजे पाच. तीनच असतील तर तीन पार्क करा आणि चौथा सोडून द्या, प्लीज. तीन दिवसांत चार कोंबलेत तर शेवटच्या दिवशी नवराबायको एकमेकांशी बोलत नसतात, स्वानुभव आहे. लहान मुलं असतील तर मॅजिक किंगडम आणि अ‍ॅनिमल किंगडम ठेवा, मुलं दहाच्या पुढची असतील तर हॉलिवूड स्टुडिओजला वर आणा.

पार्क हॉपर तिकीट, म्हणजे एका दिवसात दोन-तीन पार्क, पहिल्यांदा जाणाऱ्यांनी घेऊच नये असं माझं मत. पैसे जास्त आणि निम्मा दिवस बसमध्ये.

गर्दी कधी नसते?

नसते असं होतच नाही, कमी असते एवढंच. थँक्सगिव्हिंगचा आठवडा, नाताळ ते न्यू इयर, फेब्रुवारीतला प्रेसिडेंट्स डेचा वीकेंड आणि मार्च-एप्रिलची स्प्रिंग ब्रेक, या दिवसांत तिथे आषाढी एकादशी असते असं समजा. त्यातल्या त्यात बरं म्हणजे ऑगस्टचा शेवट ते सप्टेंबर, जानेवारीत डिस्नेच्या मॅरेथॉनचा वीकेंड उलटल्यानंतरचे दिवस आणि डिसेंबरचा पहिला आठवडा. सप्टेंबरात उकाडा आणि वादळाची भीती दोन्ही आहे, हरिकेन सीझन १ जून ते ३० नोव्हेंबर असतो, तेव्हा कॅन्सल करता येईल असंच बुकिंग करा.

भारतातून मे महिन्याच्या सुट्टीत आईबाबा येणार असतील तर मेच्या पहिल्या पंधरवड्यात न्या. जून लागला की अमेरिकेतल्या शाळा सुटतात आणि रोज दुपारी धो धो पाऊस.

तिकीट कितीचं? मुलांना हाफ असतं का?

हाफबिफ काही नाही. तीन वर्षांच्या आतलं मूल फुकट, तीन ते नऊ मुलांचं तिकीट आणि दहा पूर्ण झाली की डिस्नेच्या हिशोबात तुमचं पोर मोठं माणूस. मुलांचं तिकीट मोठ्यांपेक्षा थोडंसंच कमी असतं. भाव तारखेप्रमाणे बदलतो, एका दिवसाचं साधारण १२० डॉलरपासून सुरू होतं आणि नाताळात मॅजिक किंगडमला २०० च्या घरात जातं, वर टॅक्स. जितके दिवस जास्त घ्याल तितका दर दिवसाचा भाव उतरतो. मुलाचा तिसरा किंवा दहावा वाढदिवस जवळ असेल तर त्याच्या आत उरकून घ्या, आपल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

कोणी "माझ्या तिकिटाचे दोन दिवस उरलेत, स्वस्तात देतो" म्हणालं तर हात जोडा. गेटवर बोटाचा ठसा घेतात आणि तिकीट त्या ठशाशी जोडलेलं असतं.

हॉटेल आतलं घ्यायचं की बाहेर घर भाड्याने?

इथे घराघरात भांडणं होतात. आतल्या म्हणजे डिस्नेच्या हॉटेलात राहिलं की रोज अर्धा तास आधी पार्कात सोडतात, पार्किंग फुकट (नाहीतर दिवसाला तीस-पस्तीस डॉलर), बस फुकट आणि लायटनिंग लेनचं बुकिंग लवकर करता येतं, ते खाली सांगते. अडचण अशी की स्वस्तातल्या खोलीत चारच माणसं बसतात. तुम्ही दोघं, दोन मुलं, आजीआजोबा असे सहा असाल तर दोन खोल्या घ्या नाहीतर फॅमिली स्वीट, ते ऑल-स्टार म्युझिक आणि आर्ट ऑफ अ‍ॅनिमेशन या डिस्नेच्या हॉटेलांत आहेत. आर्ट ऑफ अ‍ॅनिमेशन आणि पॉप सेंच्युरीला स्कायलायनर दारातून मिळतो, सासूबाईंना राइडपेक्षा तोच आवडला.

बाहेर किसिमी म्हणून शेजारचं गाव आहे, तिथे किचन, वॉशिंग मशीन असलेलं अख्खं घर मिळतं, सकाळी चहा-पोहे, रात्री वरणभात, आजीआजोबा खूश. फक्त "डिस्नेपासून पाच मिनिटं" या वाक्यावर जाऊ नका. आम्ही असंच वाचून घर घेतलं आणि रोज सकाळी पंचवीस मिनिटं लागली. डिस्नेची कमान पाच मिनिटांवर असते, पार्कचं गेट नाही.

सहा माणसं असतील तर मी घर घेईन. चार असाल तर डोळे मिटून आतलं हॉटेल.

लायटनिंग लेन म्हणजे काय? कुणीही सांगितलं तरी डोक्यावरून जातं.

शिर्डी-तिरुपतीला कसा पैसे भरून वेगळ्या रांगेचा पास असतो, तेच. आधी जीनी प्लस म्हणायचे, जुलै २०२४ पासून नाव आणि नियम दोन्ही बदलले, तेव्हा त्याआधीचे व्हिडिओ बघून गोंधळून जाऊ नका.

दोन प्रकार आहेत. मल्टी पास म्हणजे एका पार्कसाठी एकदाच पैसे भरायचे आणि त्यातल्या तीन राइड आधीच वेळेसकट निवडून ठेवायच्या, पहिली वापरली की अजून एक घेता येते, ती वापरली की पुढची, असं दिवसभर. सिंगल पास म्हणजे अगदी मागणी असलेल्या राइडचं सुटं तिकीट, उदाहरणार्थ ट्रॉन, कॉस्मिक रिवाइंड, फ्लाइट ऑफ पॅसेज, राइज ऑफ द रेझिस्टन्स. भाव दोन्हीचे रोज बदलतात आणि माणशी असतात, सहा जणांचे घेतलेत तर गुणाकार करून आधी पाणी प्या.

डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्यांना हे सात दिवस आधी बुक करता येतं, बाकीच्यांना तीन दिवस आधी, सकाळी बरोब्बर सातला, ईस्टर्न टाइम. त्याआधी डिस्नेच्या अ‍ॅपमध्ये सगळ्यांची तिकिटं एका अकाउंटला जोडून, कार्डाचा नंबर भरून ठेवा. तात्काळ तिकीट काढलेल्या माणसाला हे समजवायची गरज नाही, बोटं आपोआप चालतात.

घ्यावं का? मॅजिक किंगडमला घ्या. हॉलिवूड स्टुडिओजला गर्दीच्या दिवशी घ्या. अ‍ॅनिमल किंगडमला आम्ही कधीच घेतलं नाही, लवकर गेलं तर लागत नाही. आणि आजीआजोबा मोठ्या राइडना बसणार नसतील तर त्यांच्यासाठी घेऊ नका, पास ज्याचा त्याचा असतो, सगळ्यांचे सारखे घ्यावे लागत नाहीत. हे आम्हाला दुसऱ्या ट्रिपला कळलं.

दिवसाचं टाइमटेबल कसं ठेवायचं?

माझं बाकी काही वाचू नका, एवढं वाचा.

सकाळ आणि संध्याकाळ पार्कात, दुपार खोलीत. बस. पहिल्या ट्रिपला आम्ही पैसे वसूल करायचे म्हणून सकाळी साडेदहाला पोचलो (आरामात नाश्ता करून!) आणि रात्री अकरापर्यंत आत राहिलो. म्हणजे रांग सगळ्यात मोठी, ऊन सगळ्यात कडक, नेमक्या त्याच वेळात आम्ही उभे. दुपारी तीनला माझा चार वर्षांचा मुलगा त्या किल्ल्यासमोर भर रस्त्यात आडवा पडला आणि "घरी चल" म्हणून असा काही रडला की शेजारून जाणाऱ्या एका अमेरिकन आजीने पर्समधून बिस्किट काढून दिलं. मी पण रडायच्याच बेतात होते.

पार्क उघडायच्या पाऊण तास आधी गेटवर पाहिजे. काकड आरतीला गेलं की देव निवांत भेटतो तसंच आहे हे, पहिल्या दोन तासांत जेवढ्या राइड होतात तेवढ्या पुढच्या पाच तासांत होत नाहीत. भारतातून ताजे आलेले पाहुणे असतील तर जेटलॅग कामाला येतो, ते तसेही पहाटे तीनला उठून चहा शोधत असतात. मग साडेअकरा-बाराला लवकर जेवायचं आणि एकच्या आत बाहेर. खोलीत एसी, पडदे ओढून दोन तास सगळ्यांनी झोपायचं, मोठ्यांनी पण, "मी जरा फोन बघतो" नाही. साडेचार-पाचला परत. त्याच दिवशी त्याच पार्कात परत शिरायला वेगळे पैसे लागत नाहीत आणि पार्किंगचे पण दुसऱ्यांदा घेत नाहीत.

लोक म्हणतात जाण्यायेण्यात दोन तास वाया जातात. जातात. पण झोप न झालेलं मूल घेऊन रात्रीचे फटाके बघणं हा वेळेचा त्याहून मोठा खून आहे.

मॅजिक किंगडमचा एक वेगळा हिशोब आहे. गाडी लावली की पार्क समोर नसतो, मध्ये तलाव आहे, तिकडून बोट नाहीतर मोनोरेल पकडायची. पार्किंगपासून आत पाय ठेवेपर्यंत पाऊण तास धरा. डिस्नेच्या हॉटेलच्या बस मात्र थेट गेटजवळ सोडतात.

उंची कमी पडली तर मुलाला खरंच सोडत नाहीत का?

सोडत नाहीत, आणि तिथे ओळख, विनंती, "सर, फक्त अर्धा इंच" काही चालत नाही. घरीच बूट घालून मोजून घ्या. सेव्हन ड्वार्फ्स माइन ट्रेन आणि स्लिंकी डॉग ३८ इंच, राइज ऑफ द रेझिस्टन्स ४०, कॉस्मिक रिवाइंड ४२, स्पेस माउंटन, एव्हरेस्ट आणि फ्लाइट ऑफ पॅसेज ४४, ट्रॉन ४८. मुलाला कुठल्या राइड चालणार नाहीत ते निघायच्या आधीच सांगून ठेवा, दारात कळलं तर तमाशा होतो.

मूल लहान असेल तर रायडर स्विच मागा, फुकट आहे. सगळ्यांनी मिळून राइडच्या दारात जायचं, तिथल्या माणसाला सांगायचं, आधी एक जण बसून येतो, दुसरा बाळ सांभाळतो, मग दुसऱ्याला पुन्हा रांग न लावता लायटनिंग लेनने सोडतात. मोठ्या भावंडाला बहुतेक वेळा दोन्ही पालकांबरोबर बसायला मिळतं, त्यामुळे आमच्या मुलीला धाकटा भाऊ असल्याचा आनंद आयुष्यात प्रथमच झाला.

आम्ही शुद्ध शाकाहारी. उपाशी राहू का?

नाही. पण बेचव खाल. पिझ्झा, फ्राइज, सॅलड सगळीकडे, आणि मेनूवर पानाचं चिन्ह दिसलं तर तो पदार्थ प्लांट-बेस्ड, म्हणजे दूधसुद्धा नाही. अ‍ॅनिमल किंगडममध्ये सातुली कँटीनला टोफूचा बोल बरा असतो, आईने वरून लसणाची चटणी भुरभुरली तेव्हा फारच बरा झाला. मॅजिक किंगडममधलं अननसाचं डोल व्हिप (मऊ आइसक्रीमसारखं असतं) सगळ्यांना चालतं. एपकॉटमध्ये तलावाभोवती ११ देशांचे विभाग आहेत, मेक्सिको, इटली, जपान, मोरोक्को वगैरे, तिकडे जरा फिरून निवडता येतं. त्यात भारत नाही, बाबांनी दोनदा नकाशा उलटासुलटा करून बघितला.

एक जागा मात्र चुकवू नका: अ‍ॅनिमल किंगडम लॉजच्या किदानी व्हिलेजमधलं सना हे रेस्टॉरंट. आफ्रिकन आणि भारतीय मिळून जेवण आहे, ब्रेड सर्व्हिस मागवा, नानसारखे पाच प्रकारचे ब्रेड आणि नऊ चटण्या, खिडकीबाहेर जिराफ. हे हॉटेलात आहे, पार्कचं तिकीट लागत नाही, म्हणून मधल्या सुट्टीच्या दिवशी तिकडे जा. टेबलाचं बुकिंग ६० दिवस आधी उघडतं.

घरचा डबा नेता येतो का?

येतो! हे कितीतरी जणांना माहीतच नसतं. काचेची भांडी नकोत (बाळाच्या खाण्याच्या छोट्या बाटल्या चालतात), सुटा बर्फ नको, गरम करावं लागेल असं काही नको. आम्ही दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी, भडंग आणि मुलांसाठी ब्रेड-जॅम नेतो. स्टीलचा डबा असेल तर स्कॅनर हमखास वाजतो. आमचा वाजला, तिथल्या बाईंनी झाकण उघडलं, चटणीचा वास घेतला, माझ्याकडे बघितलं, परत वास घेतला आणि "इट स्मेल्स अमेझिंग" म्हणून जाऊ दिलं. प्लॅस्टिकचा डबा न्या, वेळ वाचेल.

पाण्याला पैसे घालवू नका, खाण्याच्या काउंटरवर थंड पाण्याचा ग्लास फुकट देतात. ज्येष्ठांसाठी "नो आइस" म्हणून सांगा, नाहीतर निम्मा ग्लास बर्फच.

पाऊस आला तर?

येऊ दे की. डॉलर स्टोअरमधून प्लॅस्टिकचे पोंचो घरूनच घेऊन जा, आत त्याचेच कितीतरी पट पैसे लागतात. उन्हाळ्यात रोज दुपारी तासभर झोडपून जातो आणि वीज चमकली की बाहेरच्या राइड बंद करतात. पण निम्मे लोक घाबरून निघून जातात. मुंबईच्या पावसात लोकल पकडलेल्या माणसाने एवढ्याशाला घाबरायचं?

आईबाबांना एवढं चालवेल का? साडी चालते का?

दिवसाला पंधरा-वीस हजार पावलं सहज होतात. आमच्या आईने नवीन स्पोर्ट्स शूज खास ट्रिपसाठी राखून ठेवले होते आणि पहिल्याच दिवशी पहिल्यांदा घातले, दुपारी दोन्ही टाचांना फोड, उरलेले दिवस बँडेज लावून सपाता. बूट महिनाभर आधी वापरात हवेत, जास्तीचे मोजे बॅगेत. साडीचं म्हणाल तर सासूबाई साडीतच सफारीला बसल्या, काही बिघडलं नाही, पण पाण्याच्या राइडला आणि भराभर चालायला पंजाबी ड्रेस बरा.

व्हीलचेअर गेटजवळ भाड्याने मिळते, पहिला येईल त्याला. "मी काय म्हातारी झाले का" हा डायलॉग होणारच, तेव्हा व्हीलचेअर "सामान ठेवायला" म्हणून घ्या, अकरापर्यंत त्या आपणहून बसतात.

युनिव्हर्सल पण त्याच ट्रिपमध्ये करू का?

ती वेगळी कंपनी, वेगळं तिकीट, गाडीने वीस-पंचवीस मिनिटं. २२ मे २०२५ ला त्यांचं एपिक युनिव्हर्स पण उघडलं, म्हणजे तिकडेच आता तीन पार्क आणि एक वॉटर पार्क. मुलं दहाच्या आतली असतील तर पुढच्या वेळी.

गर्दीत मूल हरवलं तर?

मुलाच्या हातावर पेनाने तुमचा फोन नंबर लिहा आणि नावाची पाटी लावलेले पार्कचे कर्मचारी रोज सकाळी दाखवून ठेवा, हरवलास तर यांच्याकडे जायचं. आजीआजोबांकडे इथलं सिमकार्ड नसेल तर पार्कचं वायफाय फुकट आहे, गेटवरच जोडून द्या. मुलापेक्षा आजोबा जास्त हरवतात.

फटाके बघायला किती आधी उभं राहायचं?

मॅजिक किंगडमला किल्ल्यासमोर चांगली जागा हवी तर तासभर. अगदी लहान मुलं आवाजाला घाबरतात, त्यांना घेऊन मागे मेन स्ट्रीटच्या, म्हणजे गेटपासून किल्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या, गेटकडच्या टोकाला थांबा, तिथूनही दिसतं आणि पळायला सोपं. संपल्या संपल्या बोटीकडे धावू नका, सगळे तिकडेच धावतात. दुकानात अर्धा तास रेंगाळा, आइसक्रीम खा, गर्दी ओसरते.

राइड काय आजीआजोबांसाठी नसतात, त्यांना कंटाळा येणार नाही का?

माझी पण हीच भीती होती. मॅजिक किंगडमला पीपलमूव्हर, स्मॉल वर्ल्ड, जंगल क्रूझ, सगळं शांतपणे बसून बघायचं. कॅरोसेल ऑफ प्रोग्रेस म्हणजे फिरतं थिएटर, वीस मिनिटं, एसी, अंधार, सासरे पहिल्या पाच मिनिटांतच घोरायला लागले आणि बाहेर आल्यावर म्हणाले छान होतं. (जुनी बोट आणि टॉम सॉयर बेट शोधू नका, जुलै २०२५ मध्ये बंद झालं.) अ‍ॅनिमल किंगडमची सफारी सकाळी पहिल्यांदा करा, तेव्हा प्राणी हिंडत असतात.

पण खरी गंमत एपकॉटला झाली. तिथे लिव्हिंग विथ द लँड म्हणून एक बोट आहे, पोरं म्हणतात बोअर, रांगही बहुतेक वेळा छोटी. ती काचघरांमधून जाते, मातीशिवाय वाढवलेली टोमॅटोची झाडं, हवेत लोंबणारी मुळं, साच्यात घालून मिकीच्या आकाराचा केलेला भोपळा. माझे बाबा सांगलीकडचे, द्राक्षबाग होती आमची. दिवसभर "बरं आहे, बरं आहे" करणारा माणूस त्या बोटीत एकदम ताठ बसला. "अगं ते बघ, ठिबक. आपल्यासारखंच." उतरल्यावर म्हणाले परत जाऊ. परत गेलो. दुसऱ्यांदा उतरताना त्यांनी तिथल्या मुलाला थांबवलं आणि मला म्हणाले, याला विचार, एका झाडाला दिवसाला पाणी किती लागतं. मागच्या बोटीतले लोक खोळंबले होते, मी म्हटलं बाबा चला, तर म्हणाले तू विचार तर खरं.